अस्वल उठल्यावर

भिलाईच्या कारखान्यात भट्टीवर राबणाऱ्या माणसाची झोप घरातल्या सगळ्यांनी मिळून सांभाळायची असते. दयाराम वानखडेची झोप त्याची बायको कमलिनी सांभाळायची. तो रात्रपाळी करून सकाळी घरी आला, की त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कुकरलासुद्धा शिट्टी वाजवायची सोय नसे. दुपारी ती चार वर्षांच्या शालूला घेऊन पलीकडच्या खोलीत आडवी व्हायची आणि चित्रांचं पुस्तक उघडून तिच्या कानात कुजबुजत गोष्ट सांगायची. गोष्ट संपायच्या आत शालू झोपलेली असे. दयाराम तर आधीपासूनच ढाराढूर. बायको पोरीला रोज काय सांगते, हे ऐकायला त्याने कधी कान दिला नाही.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात कमलिनीला कावीळ झाली आणि पोळ्याच्या आत ती गेली. पोरीला काय सांगावं, कुणालाच सुचेना. पुलगावहून धावत आलेल्या आजीने, अंजनाबाईंनी, "आई गावाले गेली" म्हणून वेळ मारून नेली. दयारामने नुसती मान डोलावली. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं, त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

तेव्हापासून शालूने दुपारची झोप सोडली. दयाराम जरा डोळा लावतो न लावतो, तोच ती खाटेशी येऊन त्याला हलवायची. "पप्पा, उठ ना." तो दचकून उठून बसला, की तिचा चेहरा फुलायचा आणि ती धावत जाऊन चपला घालायची. तो खेकसायचा, "झोप म्हणतो ना," आणि कूस बदलायचा. ती चपला घालून तशीच खाटेच्या कडेला बसून राहायची. रात्री आजीजवळही तेच, अर्धा वेळ डोळे टक्क उघडे.

अंजनाबाईंनी एक दिवस सांगूनच टाकलं. "जवाईबापू, तुमी असे अर्धवट झोपीत डूटीवर जाता. एखाद्या दिवशी भट्टीत जासान. पोरगी इथं झोपत नाही, तिची हाडं निघून राहिली. दिवाळी झाली का मी तिले पुलगावले घेऊन जाईन."

त्यांच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं, म्हणूनच दयाराम धास्तावला. बायको गेली. आता पोरगीही गेली, तर सकाळी पाळी संपवून या क्वार्टरमध्ये परत यायचं तरी कशाला? तिला झोपवता आलं तरच ती राहणार होती. त्याने ते पुस्तक शोधून काढलं.

पुस्तक रशियन होतं. कारखान्यात कामाला आलेल्या रशियन इंजिनियरांपैकी एकाची सेक्टर सातमधली बायको मायदेशी परत जाताना घरातलं सामान वाटून गेली, त्यातलं. अक्षर म्हणाल तर एक ओळखू येईल तर शपथ. मॅट्रिक झालेली आपली बायको हे वाचायची कसं, असा प्रश्न कुणालाही पडला असता. दयारामला पडला नाही. त्याने पुस्तक डब्याच्या पिशवीत घातलं आणि कारखान्यातला दुभाषी अरुणकुमार याला कँटीनमध्ये गाठलं. चहा पिता पिता अरुणकुमारने सगळं हिंदीत वाचून दाखवलं. एक मोठं अस्वल हिवाळाभर गुहेत झोपतं, शेजारी अस्वलीण आणि पिल्लू. बर्फ वितळतं, अस्वल जागं होतं आणि पिल्लाला घेऊन नदीवर मासे धरायला जातं. बस. दयारामने गोष्ट पाठ केली. रात्रभर भट्टीसमोर तो शाळकरी पोरासारखा ती घोकत होता.

दुसऱ्या दुपारी त्याने ती शालूला सांगितली, अगदी पानागणिक. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "ये नहीं है."

"हेच आहे, पोरी. रशियनवाल्याले विचारून आलो मी."

"नाही. तुले नाही येत."

दयारामला हे लागलं. "मंग तूच सांग मले."

तिने पुस्तक पहिल्यापासून उघडलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. तिला ही गोष्ट मोठ्याने सांगायची असते हेच माहीत नव्हतं.

"हा भालू पप्पा आहे. नाइट डूटी करून आला. त्याले सोने दो. ही त्याहिची आई, हा छोटू. ते चूप बसून राहिले. भालू उठला का त्याहिले मैत्रीबागले नेईन. छोट्या रेलगाडीत बसवीन."

दयाराम कानकोंडा झाला. पोरीला प्राणी दाखवायला मैत्रीबागेत जाऊ, असं कमलिनी किती वेळा म्हणाली होती. तो म्हणायचा, पुढच्या सुट्टीले, आणि सुट्टीच्या दिवशीही झोपायचा. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. बापाची बाजू सावरायला तिने पोरीपुढे त्याचं अस्वल केलं होतं, आणि अस्वलाने झोपलेलंच असायचं असतं.

शेवटच्या पानावर हिरवंगार रान होतं. त्यात मोठं अस्वल आणि पिल्लू चाललेलं. दोघंच.

"अन् याच्यात आई कुठी आहे?" त्याने विचारलं.

शालूने त्याच्याकडे खुळ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "आई आगे गेली ना. टिकटच्या लाइनमध्ये उभी आहे. भालू उठला का छोटूले घेऊन तिथं येते." मग हळूच म्हणाली, "पप्पा, तू आता उठला ना? चाल मंग."

ती इतके दिवस त्याला का उठवत होती, ते आता त्याला कळलं. खरं सांगायची वेळ तीच होती. पण त्याची जीभ रेटेना. त्याने अंगात शर्ट अडकवला, तिला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि निघाला.

रविवार होता, मैत्रीबागेच्या खिडकीसमोर भली मोठी रांग. सायकल लावायच्या आतच शालूने उडी मारली. रांगेतल्या प्रत्येक बाईपुढे जाऊन ती मान वर करून चेहरा बघू लागली. एका हिरव्या पातळाला तिने पाठीमागून मिठी मारली. बाई वळली, हसली, "किसकी बच्ची है?" म्हणाली. शालू पुढच्या बाईकडे गेली. मग रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून पुन्हा सुरुवात केली.

दयारामला ते बघवेना. त्याने तिला धरलं आणि तिथेच मातीत उकिडवा बसला. "शालू, आई लाइनीत नाही. गावालेही नाही गेली. आई मेली, बाई. आता ती कुठीच नाही भेटणार."

शालू रडली नाही. तिने पुन्हा एकदा त्या रांगेकडे पाहिलं.

"तू लेट उठला, पप्पा," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

परतताना तो एका हाताने सायकल ढकलत चालला आणि ती त्याच्या खांद्यावर झोपून गेली. खाटेवर ठेवलं तरी जागी झाली नाही. अंजनाबाईंनी तिच्या पायातल्या चपला काढल्या.

"झोपली एकदाची," त्या म्हणाल्या. "राहू द्या मंग तिले इथंच."

दयारामला हेच हवं होतं. तो तिच्या उशाशी बसून पाळीची वेळ होईपर्यंत रडत राहिला.