बाजेवरून खाली

"काका, ओ काका! ऐकू येतंय का? काय झालं तुमाला?" आश्रुबानं टेबलावरच्या पुतळ्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. पुतळा काही बोलला नाही. परीक्षेच्या नियमाप्रमाणे त्यानं बोलायचंच नव्हतं. तरी आश्रुबा क्षणभर थांबला. न जाणो.

"खांदे थोपटा," ज्ञानेश्वरी मॅडम म्हणाल्या.

"थोपटतो. पन मॅडम, ह्याला काका म्हनू का दादा? वय कळंना ह्याचं."

"काहीही म्हणा. श्वास बघा."

"न्हाई."

"न बघताच?"

"रबराचा हाय, मॅडम."

भिंतीला टेकून बसलेले हमाल हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या नांदेडहून आल्या होत्या आणि रबराच्या माणसालाही जीव लावायचा, याचाच त्यांना पगार होता.

वालूर रस्त्यावरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये दर पाळीला एक प्रथमोपचारक असावा असं ठरलं, तेव्हा नावं द्यायच्या दिवशी आश्रुबा रजेवर होता. अशा निवडी गैरहजर माणसांतूनच होतात. हिवाळ्यात त्याचं प्रशिक्षण झालं, आणि आज परीक्षा. पास झाला की फाटकापाशी पाटीवर त्याचं नाव आणि मोबाईल नंबर रंगवणार होते. बाकीच्यांना त्यात मान दिसत होता. आश्रुबाला एवढंच दिसत होतं, की त्यानंतर या आवारात जो कोणी पडेल तो त्याच्या हातात पडेल. जन्म फिटर म्हणून गेला होता त्याचा. मशीन हाताखाली बंद पडलं तर उद्या पुन्हा उघडता येतं. माणूस उघडता येत नाही. या विचारानं त्याचं जेवण तुटलं होतं. म्हणून त्यानं नापास व्हायचं ठरवलं होतं. अगदी मनावर घेऊन.

अडचण अशी झाली, की भीतीपोटी त्यानं घरी उशीवर इतका सराव केला होता की हात आपोआप नेमक्या जागी जात. "आवो, काय केलंय त्या उशीनं तुमचं? सोडा की तिला," असं त्याची बायको राजेश्री कितीदा म्हणाली. आताही चुकायचं म्हणून त्यानं पुतळ्याच्या पोटावर हात ठेवले, आणि ते मेले आपणहून सरकून छातीच्या मधोमध गेले.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. आश्रुबानं आपल्याच हातांकडं रागानं बघितलं.

"पण हे टेबल मला मान्य नाही," मॅडमनी मॅनेजर नागेशकडे वळून पुन्हा सांगितलं. "माणूस खाली, कडक जमिनीवर पाहिजे. खरा माणूस काय टेबलावर पडतो?"

"मॅडम, समजून घ्या," नागेश म्हणाला. "सकाळी खालीच ठिवला होता. कापसातली कवडी वेचणाऱ्या बायका दारातूनच माघारी फिरल्या. उघड्या भुईवर आडवं माणूस म्हंजी... आता तुमाला काय सांगू."

सांगायला फार नव्हतं. या भागात आजारी माणूस बाजेवर असतो. आशा आहे तोवर बाजेवर. आशा संपली, घशात घरघर लागली, की त्याला उचलून उघड्या भुईवर घेतात आणि तोंडात पाण्याचा थेंब टाकतात. मधली पायरी नाही. बाजेवरून खाली घ्या असं घरातल्या मोठ्यानं म्हटलं, की बाहेर बायका रडायला लागतात. डॉक्टरच्या सहीची वाट कोणी बघत नाही. त्यामुळे जिनिंगमधल्या सगळ्यांनी माणूस वाचवायची विद्या टेबलावर घेतली होती, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

"पुढची पायरी," मॅडम म्हणाल्या. "रुग्णाचे नातेवाईक जवळ आहेत. त्यांच्याशी कसं बोलाल?"

"धीर द्यायचा. घाबरू नका, आमी हाव, असं म्हनायचं."

"बरोबर."

हेही बरोबर. आश्रुबानं कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात गाठी बांधायच्या प्रेसच्या बाजूनं एक आवाज आला. ओरडण्याचा नव्हे; ओरडायला सुरुवात करून मधेच विसरल्याचा. मग वायरमन सुगतची हाक आली, "मेन पाडतो! हात लावू नका त्याला कुनी!" आणि सगळं जिनिंग एका दमात गप्प झालं. सीझनभर कानात असलेली घरघर थांबली. उडालेली रुई हवेतून सावकाश खाली येऊ लागली.

आश्रुबाचे पाय जागचे हलेनात. आपण अजून पास झालेलो नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे, असंही.

"चला!" मॅडमनी त्याचा दंड धरला. "नागेश सर, एकशे आठला फोन!"

प्रेसवरचा महारुद्र उभा पंखा सरकवायला गेला होता. पंख्याच्या अंगात करंट उतरलेला. लोकांनी माणुसकी दाखवण्यात उशीर केला नव्हता: आश्रुबा पोचेपर्यंत राखणदाराची सुतळीची बाज आली होती, महारुद्र बाजेवर होता, कुणी त्याचे तळवे चोळत होतं, कुणी पाण्याचा तांब्या धरून उभं होतं. त्याची आई, कडूबाई, कवडी वेचायचं सोडून धावत आली होती. तिनं बाजेवर बसून पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

आश्रुबानं कान त्याच्या तोंडाशी नेला. छातीकडं बघितलं. श्वास नव्हता. रबर नव्हतं तरी नव्हता.

त्यानं हातावर हात चढवून छातीवर ठेवले आणि दाबलं. बाज पाळण्यासारखी खाली गेली आणि वर आली. छाती जिथल्या तिथं. पुन्हा दाबलं. पुन्हा बाजच हलली.

"खाली घ्या त्यांना!" मॅडम ओरडल्या. "जमिनीवर!"

कडूबाईनं मान वर केली. "भुईवर?"

"हो आई, लवकर, जमिनीवरच—"

"भुईवर का म्हून? मेलाय का त्यो?" तिनं दोन्ही हातांनी पोराला आवळलं. "चक्कर आली त्याला. करंटानं चक्कर येती. पानी पाजा त्याला कुनी! का बघायलाव नुसतं?"

हमाल पुढं झाले आणि थांबले. आईच्या मांडीवरून पोरगा ओढून भुईवर टाकायचा, हे काम कुणाच्या नेमणुकीत नव्हतं.

"आई, घाबरू नका, आम्ही आहोत ना," मॅडम म्हणाल्या. अगदी शिकवलं होतं तसं. कडूबाईला ते ऐकूही गेलं नाही. महारुद्रचे ओठ निळसर पडू लागले होते. आश्रुबाला वाटलं, आपलेही पडत असतील.

तो कडूबाईपुढं उकिडवा बसला. दोघं एकाच गावचे. ती त्याच्याहून दोन पावसाळे मोठी, आणि तो तिला आक्का म्हणायचा. आपल्या तोंडून काय निघणार आहे ते त्याला आधीच कळलं होतं, आणि ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "गेला तुजा पोरगा."

तिनं पोराच्या निळ्या ओठांकडं बघितलं.

"गेलाय त्यो, आक्का. बाजेवर ठिवू नको आता. खाली घे त्याला. तुज्या हातानं घे."

कडूबाई ओरडली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारी बघितलेलं काम तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं डोकं मांडीवरून उचललं, खांद्याखाली हात घातला. हमालांनी पाय धरले. सगळ्यांनी मिळून महारुद्रला सावकाश, न आपटता, सिमेंटच्या उघड्या भुईवर ठेवलं. मागं बायकांनी सूर धरला.

आणि आश्रुबा त्याच्या छातीवर तुटून पडला.

"आरं! मेल्यावर बी?" कडूबाई किंचाळली. "मेल्यावर बी कुटायलास का त्याला?" तिनं आश्रुबाच्या पाठीत बुक्क्या मारल्या. सुगतनं आणि आणखी एकानं तिला धरलं. मॅडम गुडघ्यावर बसून मोठ्यानं आकडे म्हणत होत्या. आश्रुबाचे दंड भरून आले तेव्हा त्यांनी त्याला बाजूला ढकलून स्वतः दाबायला घेतलं, मग पुन्हा तो, मग पुन्हा त्या. हाताखाली काहीतरी कट्‌ करून मोडलं. उशीत असं काही नव्हतं. आश्रुबा थांबला.

"थांबू नका," मॅडम म्हणाल्या. "बरगडी आहे. दाबा."

किती वेळ गेला ते आश्रुबाला पुढं कधी सांगता आलं नाही. महारुद्रच्या घशातून एक ओला, घाणेरडा आवाज आला. मग परत एक. बायकांचा सूर मधेच तुटला, आणि तुटलेला सूर पुढं कसा न्यायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

सेलूहून गाडी आली. महारुद्र श्वास घेत गेला. कडूबाई त्याच्याबरोबर गेली; गाडीत चढताना तिनं मागं वळून बघितलं, पण आश्रुबाकडं नाही.

संध्याकाळी मॅडम गुण मांडत बसल्या. एका रकान्यापाशी त्या अडल्या.

"नातेवाइकांना धीर देणे," त्यांनी वाचलं. "इथं काय लिहू, आश्रुबा?"

"शून्य लिवा."

त्यांनी शून्य लिहिलं. तरी तो पास झाला.

महारुद्र परभणीच्या दवाखान्यातून घरी आला. बरगड्या जुळेपर्यंत हसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते त्याला जड गेलं. जिनिंगमध्ये आश्रुबाला शाल-नारळ दिला, फोटो काढला. कडूबाई कामावर परतली ती मात्र त्याच्याशी अवाक्षर बोलेना. दुसऱ्यांना सांगे, "पोरगं वाचिवलं, न्हाई कुटं म्हनायलेय मी? पन माज्या तोंडावर म्हनला, गेला म्हून. आन म्या आयकलं त्येचं. माज्या हातानं खाली ठिवला."

पाटीवर नाव लागलं. आश्रुबाला नवी खोड जडली. पोतं पडल्याचा आवाज आला की तो हातातला पाना टाकून धावे. कुणी दुपारचा कलंडलेला दिसला, की त्याची छाती वरखाली होईतो त्याला पुढं जाता येत नसे. राजेश्रीला तर झोपेत कूस बदलायचीही चोरी झाली.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो कापसाच्या गंजीमागून चालला होता. सावलीत रिकाम्या पोत्यांवर कडूबाई पडली होती, तोंडावर पदर. तो थांबला. पदर हलत नव्हता. ऊन पांढऱ्या कापसावरून डोळ्यांत येत होतं, त्यामुळे नीट दिसेना. तो एक पाऊल पुढं गेला. वाकला. त्याचे हात एकमेकांवर चढून तयार झाले.

"जिती हाय," पदराखालून आवाज आला. "जा."