चार बोटांची पट्टी

जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला बापाकडून एकच इस्टेट मिळाली होती, चार बोटं रुंद लाकडी पट्टी. तिच्यावर दोरा गुंडाळून गाठ मारली की जाळ्याचं भोक बरोब्बर चार बोटांचं पडायचं. "यातून निसटतं ते उद्याचं," बाप म्हणायचा.

पुढे मोठे मासे संपले. होडीवाले म्हणू लागले, भोक बारीक करा. म्हाताऱ्यानेही पोटाकडे बघून दर वर्षी पट्टीवर रंधा फिरवला. भोक बारीक झालं, मासे त्याहून बारीक झाले. आता पट्टी पेन्सिलीएवढी उरली होती.

आज होडीवाला जावई रिकामी टोपली घेऊन दारात आला.

"मामा, अजून थोडं बारीक करा. पिल्लं निसटतात."

म्हाताऱ्याने रंधा मारला आणि पट्टीचे काडकन दोन तुकडे झाले. त्याचं डोकंच फिरलं.

"मग जाळं तरी कशाला, जावईबापू? चादरच टाका की समुद्रात."

जावई हसला नाही. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचं टोक चिमटीत धरून त्याने उजेडात निरखून पाहिलं.

"पाणी निथळेल का हिच्यातून?" त्याने विचारलं.