प्रोद्रोमोसची दहा नाणी

या, जरा जवळ सरका. एक मेणबत्ती कशी अडली आणि कशी सुटली, ते सांगतो.

व्होलोसच्या आमच्या चर्चमध्ये मी स्तोत्रं गातो. दानपेटी चोरांनी दोनदा फोडली, म्हणून पाद्री अनेस्तिसांनी मेणबत्त्यांचं यंत्र बसवलं. युरो, म्हणजे शंभर सेंट, टाकला की मेणबत्ती खाली पडते. त्याचा प्रोग्राम माझ्या भाचीनं, थेक्लानं, सेवा म्हणून लिहून दिला.

पहिल्याच रविवारी, प्रोद्रोमोसला जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून, त्याच्यासाठी प्रार्थना होती. पाव आणून उरलेलं दहा सेंटचं नाणं तो रोज कपात टाकायचा. म्हणायचा, "माझी मेणबत्ती माझ्याच पैशाची लावा." त्याची बायको एव्हांथिया त्यातली दहा नाणी रुमालात बांधून घेऊन आली. एकेक करून टाकली. पडद्यावर उमटलं : रक्कम अपुरी.

"नऊच टाकली असतील, काकू," चर्चची देखरेख करणारा मेनेलाओस म्हणाला.

"मोजून आणलीत रे!"

"यंत्र कशाला खोटं बोलेल? जाऊ दे, ही घ्या माझ्याकडून मेणबत्ती."

"तुझी तुलाच लखलाभ. जिवंतपणी त्यानं तुझी कॉफीसुद्धा घेतली नाही, आता मेणबत्ती घेईल?"

प्रार्थना सुरू झाली होती. शेवटचं 'स्मृती चिरंतन राहो' म्हणायच्या आत मेणबत्ती पेटायला हवी. पण आमच्या गाण्यात एक सोय आहे : शब्द संपले तरी 'तेरिरेम, तेरिरेम' करत सूर लांबवता येतो. मी लांबवला. पाद्री डोळे वटारून बघत होते. मी छताकडे बघितलं.

मागे काय झालं ते थेक्लानं मला नंतर सांगितलं. तिनं यंत्राचा डबा उघडायला लावला. आत दहा सेंटची नाणी बरोबर दहा. दुसऱ्या कुणी तसली टाकलीच नव्हती.

"म्हणजे यंत्रच चोर?" मेनेलाओस म्हणाला.

"चोर नाही. चूक माझी. मी युरोचं एक नाणं टाकून पाहिलं, पन्नासची दोन, वीसची पाच. दहाची पाहिलीच नाहीत." ती लॅपटॉप उघडून तिथेच पायरीवर बसली. "युरोचा दहावा भाग यंत्राला नेमका लिहिता येत नाही. आपण नाही का, एकाचे तीन भाग केले की दशांशात तीनापुढे तीन लिहीतच बसतो? तसंच. जवळपासचा आकडा धरून ते दहा वेळा बेरीज करतं, आणि बेरीज युरोच्या केसभर खाली राहते."

"मग आता?"

"आता सेंटच मोजायचे. अख्खे. तुकडे नकोतच."

थेक्लानं प्रोग्राम बदलला, आणि एव्हांथियानं तीच नाणी परत टाकली. मेणबत्ती पडल्याचा आवाज मला गाण्याच्या जागेवर ऐकू आला. ती पेटलेली दिसली, तेव्हा मी सुराला श्वास घेऊ दिला.

गव्हाचा प्रसाद वाटताना एव्हांथियानं पहिली मूठ मेनेलाओसच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "काकू, दाणे मोजून दिलेत ना?" ती खुदकन हसली, चाळीस दिवसांत पहिल्यांदाच.

तुम्ही कुठेही दिवा लावाल, तेव्हा प्रोद्रोमोसचं नाव एकदा घ्या. आमच्याकडे म्हणतात, घेतलेलं नावच गेलेल्या माणसाला जागं ठेवतं.