आतल्या खोलीत परत

आई गेल्याचं आम्हांला उशिरा कळलं. ती हलत नव्हती, पण तिचा वास तसाच होता. म्हणून आम्ही तिला चाटत राहिलो, भरवत राहिलो. मग एका सकाळी वास बदलला आणि धाकट्या भरवता भरवता थांबल्या.

मित्रांनो, मी एक म्हातारी मुंगी आहे. बेकरीच्या मागच्या भिंतीत आमचं घर आहे. राणी म्हणजे आमची आई, आणि आम्ही सगळ्या बहिणी.

आमच्यात कामं कुणी वाटून देत नाही. वयच वाटून देतं. जन्मले तेव्हा मी सगळ्यात आतल्या खोलीत होते. तिथला काळोख मऊ असतो. अंडी चाटायची, अळ्यांना भरवायचं, एवढंच काम. पुढे नव्या बहिणी आल्या आणि मी हळूहळू दाराकडे सरकले. माती उपसली, दाणे रचले, दारावर पहारा केला. शेवटी उजेडात आले. बाहेर कुणाचा पाय पडतो, कधी पाणी येतं. म्हणून बाहेर म्हाताऱ्यांनीच जायचं.

बेकरीवाला टेबल झटकायचा. पावाचा चुरा स्वप्नात पडावा तसा सावकाश खाली यायचा.

“आल्या तुझ्या बहिणी, फुकट खायला,” तो बायकोला म्हणायचा.

“तुमच्या असत्या तर खाऊन वर नावंही ठेवली असती,” ती म्हणायची.

आई गेली आणि अंडी थांबली. नवीन कुणी येईना. वय मात्र धाकट्यांना दाराकडे सरकवतच राहिलं. आतल्या खोलीत आईच्या शेवटच्या अळ्या उपाशी पडू लागल्या. मी तोंडातला चुरा घेऊन दारातून सरळ आत निघाले.

“वाट चुकलीस की काय गं ताई? या वयात पाळणाघर?” दारावरची बहीण म्हणाली.

“चुकले नाही. सरक.”

पहिली अळी मी चुऱ्यासारखी घट्ट धरली. ती आक्रसली. बाहेरच्या कामाने माझे जबडे राठ झाले होते. मग जमत गेलं. एकेक अळी कोषात गेली. त्या काळोखात कधी कधी वाटतं, आई पलीकडच्याच खोलीत आहे.

मित्रांनो, भिंतीच्या कडेने मुंगी जाताना दिसली तर पाऊल जरा बाजूला टाका. तिच्या तोंडात कुणाचं तरी जेवण असतं.

एक अळी अजून कोषात गेलेली नाही. तिला आजचं भरवायचं राहिलं आहे.