गजांशिवायचं पान

मागच्या गॅलरीत ऊन यायचं ते घाईतल्या पाहुण्यासारखं. अकराच्या सुमाराला यायचं, जेमतेम पाऊण तास टेकायचं, की निघालं समोरच्या इमारतीमागं. आणि यायचं तेही लोखंडी गजांमधून. त्यामुळे सूनबाईनं आजवर केलेल्या प्रत्येक छापावर पानं होती, गवताची पाती होती, नेच्याची झालर होती, आणि त्या सगळ्यांवरून गेलेले फिकट आडवे पट्टे होते.

"छान आहे," पहिला छाप डोळ्यांजवळ धरून सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुरुंगातली बाग."

सासूबाईंना असं दोन शब्दांत काम आटपायची सवय होती.

आठ महिन्यांपूर्वी त्या जिन्यावरून पडल्या, खुबा मोडला आणि तीन तास मधल्या चौकोनात तशाच पडून राहिल्या. सूनबाई तेव्हा शिवणाचे दोरे आणायला बाहेर गेली होती आणि वाटेत एका मैत्रिणीशी बोलत बसली होती. त्याबद्दल तिला कुणी शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. निदान उत्तर तरी देता आलं असतं. सासूबाई आता वॉकर धरून घरातल्या घरात फिरायच्या, पण एकटं राहायचं म्हटलं की त्यांचे हात गार पडायचे. सूनबाईच्या नवऱ्यानं मग दोन गोष्टी आणल्या. एक मुठीची पितळी घंटा, शाळेतला शिपाई हलवून वाजवतो तसली. आणि एक कुलूप. दूध घ्यायला, कचरा टाकायला खाली जायचं झालं तर बाहेरून लावून जायचं. आई पुन्हा जिन्याकडे यायला नको.

"मी कुठं म्हणतोय बाहेर जाऊ नकोस?" तो म्हणाला होता. "फक्त आईला एकटं ठेवू नकोस."

दोन्हींचा अर्थ एकच होतो, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. आलं असलं तरी त्यानं तसं दाखवलं नाही.

घंटा दर पाव तासानं वाजायची. पाणी दे. पंखा कमी कर. खिडकीत कोण बोलतंय बघ. आणि पुष्कळदा, "काही नाही गं, आहेस ना ते बघितलं." सूनबाई हातातलं टाकून जायची, "आहे आई" म्हणायची आणि परत यायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा ती असल्याचं सांगायची. रात्री उशीवर डोकं टेकलं की कधीकधी तिला स्वतःलाच शंका यायची.

अशात धाकट्या बहिणीचं पार्सल आलं. दोन बाटल्या, एक चपटा ब्रश आणि जाड कागदांचा गठ्ठा. सोबत चिठ्ठी: "ताई, घरबसल्या करता येतं. बघ तुझा जीव रमतो का."

घरबसल्या! सूनबाईला हसू आलं. पण बाटल्या तिनं ठेवून घेतल्या. एकीत मेंदीच्या रंगाची पूड, दुसरीत लालभडक खडे. दोन्ही वेगवेगळी पाण्यात विरघळवायची, सारखी सारखी घेऊन एकत्र करायची आणि हे मिश्रण अंधाऱ्या जागी कागदावर फासायचं. अंधारी जागा म्हणजे तिची कोठीची खोली, तिला खिडकीच नव्हती. कागद वाळायला कपाटात, चादरींच्या थप्पीमागं. वाळला की तो पिवळसर हिरवा दिसायचा. त्यावर पान ठेवायचं, वर काच दाबायची, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथं कागद करपल्यासारखा राखी होतो, पानाखालचा भाग तसाच राहतो. मग बादलीत धुवायचा. पिवळं पाणी वाहून जातं आणि खालून निळा रंग वर येतो, इतका गर्द की पहिल्यांदा तिच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं.

"ह्यांच्या फोटोची काच कुठं गेली?" सासूबाईंनी आठवड्याभरानं विचारलं.

"पुसायला काढलीय, आई."

"आठ दिवस पुसतेस? एवढी तर ते जिवंत असताना त्यांची काळजी घेतली नाही कुणी."

रोज एक कागद, असा सूनबाईनं नेम धरला. डोकं दुखो, पाहुणे येवोत, नेम चुकवायचा नाही. घड्याळाकडे बघायची तिला गरजच पडायची नाही. कागद गॅलरीत ठेवताना घंटा वाजलेली असायची, जाऊन यायचं, पुन्हा घंटा वाजली की छाप झाला. एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत एक पान. बोटं निळी राहू लागली तशा सासूबाई तिला निळूबाई म्हणू लागल्या.

दोरीवर वाळत टाकलेले छाप मागच्या गल्लीतून दिसायचे. तिथं एका पुस्तकबांधणीवाल्याचं दुकान होतं. तोंडात सुई धरूनही स्पष्ट बोलता येणारा तो माणूस. एके सकाळी त्यानं खालूनच हाक दिली.

"वहिनी! ते निळं काय ते तुम्ही करता?"

"हो दादा. का हो? पाणी गळतंय का खाली?"

"गळू द्या. एक शिक्षिका आल्यात माझ्याकडे. आयुष्यभर पानं गोळा केली बाईंनी. त्यांच्या वहीच्या बारा प्रती बांधायच्यात. मुखपृष्ठावर असं पान हवंय, छापखान्यातलं नको म्हणतात. एक नमुना द्या की."

सूनबाईनं गजांबाहेर टांगलेल्या दोरीच्या टोपलीतून सगळ्यात चांगला छाप खाली सोडला. त्यानं तो उजेडाकडे धरला, मान तिरकी केली.

"पान झकास. पण हे पट्टे कसले?"

"गजांचे."

"गज नकोत, वहिनी. बाईंना पान हवंय. शनिवारी त्या येतायत, तोवर एक बिनपट्ट्याचं द्या, बाराचं काम तुमचं. नाहीतर मग त्या छापखान्याला हो म्हणतील."

शनिवारला चार दिवस होते. बुधवारी तिनं काच अगदी गजांना चिकटवून धरली. पट्टे आणखी ठळक आले. गुरुवारी गजांबाहेर हात काढून कागद धरला; पाव तास हात लटलटला, पान सरकलं आणि छापात पानाला पानाचं भूत चिकटलं. पुढच्या खिडक्यांत ऊन यायचंच नाही. उरली गच्ची. दोन जिने वर, चारी बाजूंनी मोकळी. पाव तासाचंच काम. पण तो पाव तास तिच्यापाशी नव्हता.

"अहो, शुक्रवारी तासभर उशिरा गेलात तर?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कशासाठी?"

"गच्चीवर जायचंय. छाप करायला."

त्यानं चेष्टा केली नाही. तेच जड गेलं. "आईची सवय मोडेल असं काही आत्ताच नको करूया," तो समजुतीनं म्हणाला. "थोडे दिवस जाऊ देत." थोडे दिवस म्हणजे किती, हा प्रश्न दर वेळी तिच्या मनात यायचा, विचारत मात्र ती नसे.

शुक्रवारी साडेदहाला सासूबाईंचा डोळा लागला. घोरण्याची लय बसेपर्यंत सूनबाई दारात उभी राहिली. मग चादरींमागून कागद काढला, काळ्या कापडात गुंडाळला. पाइपाच्या सांध्यात उगवलेल्या वेलाचं एक पातळ, पोपटी पान खुडलं. बाहेर पडली. दार ओढलं आणि हाताला सवय होती म्हणून कुलूप लावलं.

गच्चीवर ऊन नुसतं सांडलेलं होतं. सूनबाई क्षणभर जिन्याच्या तोंडाशीच थांबली. एवढ्या उजेडाचं काय करायचं ते तिला कळेना. टाकीच्या कट्ट्यावर तिनं कागद मांडला, पान ठेवलं, काच दाबली, चिमटे लावले. शेजारी बसली. वारा होता. दूर कुठंतरी कुणी गालिचा झोडपत होतं. तिनं पाय लांब केले, पदर डोक्यावरून मागं घेतला आणि घंटेची वाट बघत बसली.

हो, घंटेचीच. फोन खाली चार्जिंगला होता, हातात घड्याळ नव्हतं आणि आठ महिन्यांत तिच्या अंगाला वेळ कळायची ती घंटेनंच. घंटा वाजली की उठायचं. घंटा वाजेना. दोन जिने, एक बंद दार आणि एक आतली खोली यांच्यापलीकडून ती ऐकूच येणार नव्हती, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिला फक्त बरं वाटत होतं. पाव तास एवढा मोठा असतो हे ती विसरूनच गेली होती, असं मनाशी म्हणत ती टाकीच्या भिंतीला टेकली. सावली पायांच्या बोटांवरून सरकून गुडघ्यांपर्यंत आली तेव्हा मात्र ती ताडकन उठली. सावली एवढी सरकायला पाव तास पुरत नाही.

जिना ती कशी उतरली ते तिलाच ठाऊक. कुलपात किल्ली जाईना. दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. मागं काहीतरी होतं.

सासूबाई दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. वॉकर आडवा पडलेला, घंटा मांडीत.

"आई! पडलात? कुठं लागलं?"

"पडले नाही. बसले." आवाज कोरडा होता. "उभं राहून किती वाट बघायची?"

सूनबाईनं काखेत हात घालून त्यांना उठवलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"पुष्कळ वाजवली," सासूबाई म्हणाल्या. "मग दाराशी आले. म्हटलं, गेली असेल दूध घ्यायला. मग कडी ओढली. कुलूप." त्यांनी पेला खाली ठेवला. "बाहेरून कुलूप लावलंय हे कळलं की कसं होतं, माहितीय तुला?"

सूनबाई हळूच म्हणाली, "माहितीय, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नजर तिच्या हातातल्या काचेवर गेली. "आणि ते काय जाळून आणलंस?"

कागद खरंच जळल्यासारखा झाला होता, राखेच्या रंगाचा. तासभर तापल्यामुळे पानानं रस सोडला होता. सूनबाईनं तो बादलीत टाकला तो फेकायच्या आधीचा सोपस्कार म्हणून. एक पाणी गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या पाण्याला निळा वर आला, मध्यरात्रीच्या आभाळासारखा. आणि पान नेहमीसारखं नुसतं पांढरं आलं नव्हतं. तासभर ऊन त्या पातळ पानाच्या आरपार झिरपलं होतं. शीर न् शीर उमटली होती, काठांवरच्या दातऱ्यांपर्यंत. देठाशी रसाचा एक डाग. पट्टा एकही नाही.

सासूबाईंनी ओला कागद दोन्ही हातांवर घेतला. "माझ्या हाताच्या मागच्या बाजूसारखं दिसतंय," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा आला. "कसं होतं आज?"

सूनबाईचा चमचा भांड्यात थांबला.

"कसं असणार?" सासूबाई म्हणाल्या. "झोप लागली होती मला."

शनिवारी टोपली खाली गेली आणि खालून बांधणीवाल्याचा आवाज आला, "वहिनी, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं! अशीच आणखी अकरा. अगदी अशीच हं, शिरांसकट!"

अगदी अशीच. म्हणजे अकरा वेळा गच्ची, अकरा वेळा तासभर. सूनबाई रिकामी टोपली वर ओढत राहिली. नाही म्हणून सांगायला हवं होतं, पण दोरी हातात असेपर्यंत तिच्याच्यानं सांगवेना.

"काय म्हणतोय तो?" सासूबाई वॉकर टेकत गॅलरीत आल्या. तिनं सांगितलं. सासूबाईंनी गजांना धरून खाली पाहिलं.

"कुलूप नाही लावायचं," त्या म्हणाल्या.

"आई?"

"ऐक आधी. कुलूप नाही. माझी खुर्ची इथं, गजांशी. आणि ही घंटा तू ने वर."

"मी? मी कशाला?"

"तू वाजवायची. पाव तासाला एकदा. म्हणजे मला कळेल, आहेस ते." त्यांनी घंटा तिच्या निळ्या बोटांत कोंबली. "आणि त्याला काही सांगायचं नाही. मीही काल सांगितलं नाहीये, लक्षात ठेव."

शेवटचं वाक्य उपकाराचं होतं की धाकाचं, हे सूनबाईला ठरवता आलं नाही. बहुधा सासूबाईंनाही.

सोमवारी ती पुन्हा टाकीच्या कट्ट्यापाशी बसली. काच, पान, चिमटे. शेजारी फोनचं घड्याळ. खाली सासूबाई गजांपाशी. पाव तास झाला तशी ती कठड्यावरून वाकली आणि घंटा वाजवली. कपडे वाळत घालणारी शेजारीण दचकली.

"अगं बाई, हे काय?"

"इथंच आहे, म्हणून कळवायचंय."

"कुणाला?"

सूनबाईनं खाली बोट दाखवलं. खालून गजावर चमचा आपटल्याचा आवाज आला: कळलं.

दुसरा पाव तास झाला, वाजवली. चमचा वाजला. मग ती भिंतीला टेकली. कागद हळूहळू राखी होत होता. वारा शुक्रवारसारखाच होता, गालिचा झोडपणारं माणूस आज नव्हतं. तिसरा पाव तास भरला. तिनं घंटा उचलली, तिच्या आतल्या लोंबत्या जिभेला बोट लावून ती धरली आणि वाजवली नाही. एक मिनिट. दोन. कुठंच नसण्याची ती दोन मिनिटं तिनं डोळे मिटून घेतली.

तिसऱ्या मिनिटाला खाली चमचा वाजू लागला. एकदा, मग लागोपाठ, मग थांबेचना.

सूनबाईनं घंटेच्या जिभेवरचं बोट काढलं.