कोपऱ्यातला लाल डाग

शनिवारी दुपारी माय चाळीसगावहून आली आणि जेवणाचा डबा घेऊन थेट आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. तिला माझ्या खोलीची चावी हवी होती. मी मात्र कुणाशी धड बोलायच्या अवस्थेत नव्हते.

"चावी दे, नहीते मी आठेच बसस," ती म्हणाली, आणि बसलीच.

जळगावच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. तोंडात घालून आतली कातडी पाहायचा, पेनासारखा कॅमेरा आम्ही बनवतो. त्याच्या टोकाला बसणारा सेन्सर मुगाच्या डाळीहून लहान. तेवढ्याशा जागेत लाखभर खण, आणि प्रत्येक खणावर लाल, हिरवा किंवा निळा असा एकेका रंगाचा पातळ पापुद्रा, म्हणजे फिल्टर. लाल फिल्टरखाली फक्त लाल उजेड उतरायला हवा. पण खण इतके चिमुकले, की कडेला तिरपा येणारा उजेड शेजारच्या खणात घुसतो, संध्याकाळचं ऊन शेजाऱ्याच्या ओसरीत घुसतं तसा. रंग मिसळतात आणि चित्राचे चारही कोपरे लाल दिसतात. डॉक्टरला शोधायचाच लाल डाग, तर असा कॅमेरा काय चाटायचा? ते कोपरे स्वच्छ करणं माझं काम. दोन वर्षांत मी सेन्सरच्या दोन खेपा वाया घालवल्या होत्या.

तिसऱ्या खेपेत मी कडेचे फिल्टर केसाच्या शंभराव्या भागाइतके मध्याकडे सरकवले आणि खणांमध्ये बारीक भिंती घातल्या. तो कॅमेरा शुक्रवारी हातात आला. सोमवारी धुळ्याच्या एका दवाखान्यात तंबाखू-मिसरीवाल्या लोकांवर त्याची पहिली चाचणी होती. आमचे प्रमुख हितेंद्र सर सकाळीच म्हणाले होते, "कामिनी, याही वेळी कोपरे लाल आले तर प्रकल्प बंद. वरून तसं स्पष्ट सांगितलंय."

ऑफिसातली सगळी तोंडं तपासून झाली होती. चित्रं बरी आली, पण ती तोंडं कोरी. मिसरीनं काळवंडलेल्या हिरड्यांवर रंग कसे येतात ते कळत नव्हतं. सरांनी मायकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही मिसरी लावता ना?"

माय माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. मिसरी सोडली म्हणून तिनं मला तीनदा शपथेवर सांगितलं होतं.

तिच्या तोंडात कॅमेरा घालायची ही माझी पहिली वेळ नव्हती. दिवाळीला मी दुसऱ्या खेपेचा कॅमेरा गावी नेला होता. त्यात तिच्या गालाच्या चित्राचे चारही कोपरे लालभडक दिसले होते. "डाग तुना तोंडमा नही, कॅमेरामा शे," असं तिला सांगून मी तो रागारागानं पिशवीत कोंबला होता आणि नोंदवहीत 'रंगदोष' लिहून मोकळी झाले होते.

या वेळी खुर्चीत बसून तिनं मोठ्ठा आ केला. पडद्यावर हिरड्या आल्या, काळ्या, तरीही कडा स्पष्ट. जीभ आली, तिच्यावरचा पांढरा थर पांढराच दिसला. माझा जीव भांड्यात पडायला लागला. मग मी डाव्या गालाकडे वळले आणि पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल उगवलं.

"आलाच का पुन्हा," सर हळूच म्हणाले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले.

मी तोंडातल्या तोंडात शिवी दिली. दोन वर्षं, तीन खेपा, आणि पुन्हा तोच कोपरा. माय आ केलेल्या तोंडानंच माझ्याकडे बघत होती. मी कॅमेरा बाहेर काढला.

"परत खराब निंघना का तुना कॅमेरा?" तिनं विचारलं.

हो म्हणणार होते. पण काहीतरी खुपत होतं. दोष असला की चारही कोपरे लाल येतात, आणि हा एकच आला होता. मी कॅमेरा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर धरला. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा स्वच्छ. रंगांच्या तक्त्यावर धरला. सगळे रंग जागच्या जागी. सरांनी चष्मा परत घातला.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती मला करायची नव्हती. कॅमेऱ्याची दांडी तोंडातच अर्धा फेरा फिरवायची. डाग कॅमेऱ्याचा असला तर पडद्याच्या त्याच कोपऱ्यात बसून राहील. गालाचा असला तर समोरच्या खालच्या कोपऱ्यात जाईल. एवढं सोपं. मी कॅमेऱ्याचं टोक पुसलं, परत पुसलं, उगाच तिसऱ्यांदा पुसलं. ज्या लाल कोपऱ्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या, तोच आता मला हवा होता. प्रकल्प बंद होऊ दे, नोकरी जाऊ दे, मी चाळीसगावला जाऊन मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकीन, पण डाग माझाच निघू दे.

"कामिनी," सर म्हणाले. "मी फिरवू का?"

"नको. मीच फिरवते."

मायनं आ केला. डाग वर उजवीकडे होता. मी दांडी फिरवायला लागले तसा तो पडद्यावरून सावकाश सरकला आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मी कॅमेरा पुढे ढकलून त्याला मधोमध आणलं. चिंचोक्याएवढा होता, कडा खरबरीत. इतकं स्वच्छ चित्र आजवर आमच्या कुठल्याच कॅमेऱ्यानं काढलं नव्हतं.

सरांनी माझ्या हातातून दांडी घेऊन हळूच बाहेर काढली. "अक्का, सोमवारी तुम्हीपण आमच्यासोबत धुळ्याला चला," ते म्हणाले. "तिथले डॉक्टर एकदा बघतील. लाल दिसलं म्हणजे वाईटच असतं असं नाही."

तेवढ्यात टेबलावरच्या डब्याकडे माझं लक्ष गेलं. मी झाकण काढलं. वांग्याची भाजी पिवळीफटक, वर तिखटाचा थेंब नाही. ही बाई भाकरीवर ठेचा नसला तर ताटावरून उठायची.

"कव्हयपासून तिखं सोडेल शे?" मी विचारलं.

मायनं पदरानं तोंड पुसलं. "दिवाईना पहिलेपासून झोंबस. पन तू दिवाईले देखं व्हतं ना. तूच सांगं व्हतं, डाग मना तोंडमा नही, कॅमेरामा शे. मंग मी कसाले चिंता करू?"

तिनं डब्याचं झाकण माझ्या हातातून घेतलं, नीट लावलं, आणि पडद्याकडे पाहत विचारलं, "आते तरी बरोबर शे ना तुना कॅमेरा?"

"हो," मी म्हणाले. "आता बरोबर आहे."