दहा शब्दांचं पाठांतर

मुलाला आपण एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे पाठांतर, असं मार्तंड देवस्थळींना वाटे. घाटकोपरच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस. स्वतःला कधी चेंडू झेलता आला नाही, तिथे मुकुलला काय शिकवणार? पण मुकुलच्या चौथीच्या स्कॉलरशिपच्या वेळी त्यांनी त्याला एक युक्ती दिली होती. लक्षात ठेवायचे शब्द घरात मांडून ठेवायचे. पहिला दारातल्या चपलांवर, दुसरा घड्याळावर, तिसरा पाण्याच्या पिंपावर. मग मनातल्या मनात घरातून फिरायचं आणि एकेक उचलायचा.

तो मुकुल आता एकोणतीस वर्षांचा होता आणि रग्बी खेळून पोट भरत होता. मुलुंडात हे कुणाला सांगायचं तर मार्तंडराव अजूनही आधी खाकरत. "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते?" लोक विचारत. "नाही, यात हेल्मेट नसतं," एवढंच ते सांगत. मुकुल फ्लँकर होता, म्हणजे समोरचा चेंडू घेऊन सुटला की सगळ्यांत आधी त्याच्या अंगावर जाऊन त्याला आडवा करणारा. शाळा, क्लब, राज्य, देश आणि गेली दोन वर्षं पगारी लीग, अशा पायऱ्या तो चढत गेला. इतक्या वर्षांत पेपरात आलेली त्याची कात्रणं एका पाकिटात मावत होती. मार्तंडरावांनी त्याला एकदाही 'खेळू नकोस' म्हटलं नाही, आणि त्याचा एकही सामना पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवून पाहिला नाही.

दोन आठवड्यांपूर्वी अंधेरीच्या मैदानावर सराव करताना कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. डोक्याला मार बसण्याची वर्षातली ही तिसरी खेप. आता शुक्रवारी संघाच्या डॉक्टरची तपासणी, रविवारी उपांत्य सामना, आणि तो सामना पाहून पुढच्या दोन हंगामांचा करार. तपासणीत नापास झाला तर हंगाम गेला. आणि या वयात हंगाम गेला की बहुधा सगळंच गेलं.

"बाबा, डॉक्टर दहा शब्द सांगते आणि थोड्या वेळाने परत विचारते," सोमवारी मुकुल म्हणाला. "तू घे ना माझी प्रॅक्टिस."

मार्तंडरावांना इतका आनंद झाला की त्यांना त्याची लाजच वाटली. वीस वर्षांनी मुलाने त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं. रोज सकाळी चहा झाला की ते चिठ्ठी घेऊन बसत. किल्ली, पेरू, सुरी, ढग, गालिचा. मुकुल डोळे मिटून घरातून फिरून येई आणि दहाच्या दहा शब्द सांगे.

"सुरी कुठे ठेवलीस?"

"पिंपावर. आईने बघितली तर वाट लागेल."

"पिंप काढून फिल्टर बसवला त्याला बारा वर्षं झाली," वसुधाताई आतून म्हणाल्या. तिघंही हसले.

बुधवारी दुपारी मुकुलने सांगितलं, संघातल्या सौरभचं लग्न ठरलंय, आणि मुलगी बघायला गेलेला सौरभ तिच्या आजोबांच्या कवळीवर कसा बसला. मार्तंडराव पोट धरून हसले. संध्याकाळी मुकुलने तीच गोष्ट, अगदी ताजी असल्यासारखी, पुन्हा सांगितली. मार्तंडराव पुन्हा हसले, पण या वेळी हसताना ते मुकुलचा चेहरा निरखत होते.

"तुला काय वाटतं?" त्यांनी वसुधाताईंना हळूच विचारलं.

"मला वाटतं तुम्ही घाबरट आहात," त्या म्हणाल्या. मग पोळपाट पुसत म्हणाल्या, "पण मीही दोनदा ऐकलं."

आपल्याला खरंच काही दिसतंय, की भीतीच चष्मा लावून बसलीय, हे मार्तंडरावांना ठरवता येईना. गुरुवारी त्यांनी मुकाट्याने पुन्हा चिठ्ठी काढली.

शुक्रवारी बापलेक रिक्षाने अंधेरीला निघाले. पवई तलावापाशी रिक्षा रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागे हॉर्नचा कालवा झाला. मुकुल उतरला आणि मार्तंडरावांसकट रिक्षा एकट्याने ढकलत कडेला नेली. "क्या पहलवान है," ड्रायव्हर म्हणाला. मुकुलच्या डाव्या तळव्याला काळं ग्रीस लागलं. दुसऱ्या रिक्षात तो पार साकीनाक्यापर्यंत डोळे मिटून पुटपुटत होता.

डॉक्टर शर्मिष्ठा तिशीतली, शांत मुलगी होती. तिने दहा शब्द सांगितले, मुकुलने दहाही परत दिले. महिने उलटे म्हणून दाखवले. एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला. मग पुन्हा ते दहा शब्द. एकही चुकला नाही.

"छान," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन उचललं. "काका, घरी काही वेगळं जाणवलं का? फॉर्मवर लिहावं लागतं."

मुकुलने बापाकडे पाहिलं. 'नाही' म्हणायचं होतं फक्त. त्यासाठी पाठांतरही लागत नव्हतं.

"त्याचं पाठांतर चांगलं आहे," ते म्हणाले. "मीच करून घेतलंय." पेन थांबलं. "त्याला एक विचारू का? त्याने सांगितलं तर मी चुकलो. मी बऱ्याचदा चुकतो."

डॉक्टरने मान हलवली.

"मुकुल, आपण इथे कसे आलो?"

"रिक्षाने. बाबा, काय चाललंय तुझं?"

"वाटेत काय झालं?"

"काय होणार? ट्रॅफिक."

"पवईला?"

"पवईला काय?" मुकुल हसला. मग आपल्याबरोबर कुणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

मार्तंडरावांनी नुसतं त्याच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. मुकुलने तळवा उलटला. त्या काळ्या डागाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. चपला, घड्याळ, पिंप, सगळ्या घरातून तो फिरत असणार. कुठेच काही ठेवलेलं नव्हतं.

डॉक्टरने पेनाला टोपण लावलं. "रविवारी नाही, मुकुल. सोमवारी एमआरआय करू. पुढचं मग बोलू."

परतीच्या रिक्षात साकीनाका मागे पडेपर्यंत मुकुल तळव्यावरचा डाग अंगठ्याने घासत होता. मग म्हणाला, "तुला पहिल्यापासून हे नकोच होतं ना?"

"नको होतं," मार्तंडराव म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

"म्हणून विचारलंस?"

"तसं नसावं. पण असेलही रे. मला नाही सांगता येत."

तलाव दिसू लागला तसा मुकुल पुढे वाकला. "भैया, जरा धीरे." मग बापाकडे वळून, "कुठे बंद पडली होती?"

"तो बस स्टॉप आहे ना समोर, त्याच्या जरा अलीकडे. मागे सगळे हॉर्न मारत होते. तू उतरलास आणि ढकलत कडेला लावलीस."

"एकट्याने?"

"एकट्याने. मी आतच बसलो होतो."

"तू उतरलाही नाहीस?"

"सुचलंच नाही मला."

मुकुलच्या तोंडावर हसू येऊन गेल्यासारखं वाटलं. मान वळवून तो स्टॉप दिसेनासा होईपर्यंत तिकडे बघत राहिला.

"परत सांग," तो म्हणाला. "घरातून निघालो तिथपासून."